दोरीच्या आत

पोलादपूरच्या कबड्डी सामन्यांच्या पत्रकावर वैद्यकीय प्रमुख म्हणून दरवर्षी एका डॉक्टरांचे नाव असे, आणि डॉक्टर दरवर्षी न चुकता बक्षीस समारंभाला येत. मधल्या तीन दिवसांतले मुरगळलेले पाय आणि सोललेले गुडघे बघायला महाडहून एसटीने नर्स कमळाबाई गायकवाड यायची. तिचे स्टूल मैदानाभोवतीच्या दोरीबाहेर, बायकांच्या बाजूला. पट्टी तिने बांधायची, पण गडी खेळेल की नाही ते पंच ठरवायचे. तिने नको म्हटलेला गडी हळद फासून पुन्हा मैदानात दिसे. आठ वर्षे हे तिला खुपत होते.

एक्याऐंशी साली पोलादपूरचा पट्टीचा चढाईवाला हैबती महाडच्या चौघांच्या तावडीत सापडला आणि डोक्यावर आपटला. उठला, हसला, बाद गड्यांच्या रांगेत बसला. पुढच्याच चढाईत पोलादपूरने गडी मारला आणि हैबती जिवंत झाला. कबड्डीत मेलेल्याला उठायला एवढाच वेळ लागतो. पण तो उठून आपल्या बाजूला न जाता महाडच्या अंगणात जाऊन उभा राहिला. लोक खो खो हसले.

कमळाबाई हसली नाही. तिने औषधांची पेटी उचलली, दोरी वर केली आणि चुन्याची रेघ ओलांडून थेट त्याच्यापाशी गेली.

संघनायक मालोजी हैबतीचा थोरला भाऊ. "रगत नाय, काय नाय. बाई, तुमी भायेर व्हा," तो म्हणाला. पंचांनी डॉक्टरांचे मत विचारले.

"डॉक्टर आलेले नाहीत. मी आले आहे," कमळाबाई म्हणाली. "हा आज खेळणार नाही."

बौद्धवाडीतली बाई गावाला शिकवते, ही कुजबुज तिने ऐकली. तिने मालोजीकडे बोट करून हैबतीला विचारले, हा कोण? हैबती कितीतरी वेळ भावाकडे नुसता बघत राहिला. मग मालोजीनेच त्याला हाताला धरून बाहेर नेले.

पोलादपूर हरले. संध्याकाळी हैबतीला उलट्या झाल्या, त्याला जीपने दवाखान्यात न्यावे लागले. आठ दिवसांनी तो घरी आला.

पुढच्या वर्षी सामने भरवणाऱ्या मंडळाचा चिटणीस मुरारी पत्रक घेऊन आला. नाव तेच, डॉक्टरांचे. कमळाबाईने त्याला चहा दिला आणि पत्रक परत केले. ज्याचे नाव त्यानेच पट्ट्या बांधाव्यात, एवढेच म्हणाली. मुरारी गेल्यावर मात्र तिचा जीव तुटला. त्या पोरांवर तिची माया होती, आणि आता आपल्याला कोणी बोलावणार नाही असे ती धरून चालली होती.

सामन्यांच्या सकाळी मालोजी महाडला तिच्या वाडीत आला. आजवर तो तिथे कधी आला नव्हता. त्याच्या हातातल्या पत्रकावर डॉक्टरांच्या नावावर शाईची रेघ होती आणि खाली कमळाबाईचे नाव.

"समदी पत्रकं अशीच केलीत," तो म्हणाला. "तुमी नाय आलात तर आमचा एकबी गडी उतरनार नाय."

कमळाबाईला रडू आले, आणि रडू आले म्हणून स्वतःचा रागही आला. ती चपला घालून येईपर्यंत पेटी मालोजीच्या खांद्यावर गेली होती. मैदानावर पोचल्यावर त्याने ती दोरीच्या आत, पंचांच्या टेबलाशेजारी नेऊन ठेवली.