पहाटे चारचा वर्ग

चहा हातात घ्या, पण घोट नका घेऊ अजून. मधातच ठसका लागला तर म्हणाल बाईनं आधी सांगितलं नाई. आपल्याच फजितीची दवंडी आपणच पिटायची म्हणजे हिंमत लागते बरं! पण मी पडली मास्तरीण बाई. पंचवीस वर्षं बोलायचीच सवय, गप्प बसली का माझं पोट दुखते.

आधी माझ्या आवाजाचं सांगते. लहानपणी माय मले शेतातून हाक मारायले पाठवे, कारण माझी हाक थेट नाल्याच्या पलीकडे जाये. लग्न झालं ते घुग्घुसले, मिस्टर कोळशाच्या खाणीत. ते आजही म्हणते, "खाणीचा भोंगा बिघडला तर सायबाले सांगतो, आमच्या घरी एक आहे." हसा, हसा. पुढे हेच आलं ना अंगावर!

तर मी नोकरीची अकरा वर्षं गडचिरोलीकडे, धानोऱ्याच्याही आत, जंगलातल्या एका गावात काढली. दोन खोल्यांची शाळा, सत्तावीस पोरं. मार्च लागला का शाळेत चिटपाखरू नाई, सारे पहाटेपासून मोहाची फुलं वेचायले. मग काय करता? मी बी टोपली घेऊन मोहाखाली! एक फूल, दोन फूल, दहाची एक ढेरी, दहा ढेऱ्यांचं शंभर. पोरांना गणित आलं अन् मले मोह वेचता आला. कोणी बरोबर सांगितलं का मी अशी "शाब्बास!" ओरडायची, का झाडावरचे पोपट उडून जायचे.

त्यातली एक जानकी. दसरूभाऊची पोरगी. उत्तर द्यायची अन् टक लावून माझ्या तोंडाकडे पाहत राह्यची, शाब्बास येते का नाई म्हणून. माझी बदली झाली त्या दिवशी सारं गाव बसथांब्यावर आलं, ही नाई आली. दसरूभाऊ म्हणाले, "रुसली जी ते. वावरातल्या झोपडीत जाऊन बसली हाय." बस धानोऱ्याले पोचेपर्यंत माझा पदर ओला झाला होता.

बदली झाली ती घुग्घुसजवळच. घर जवळ, नवरा जवळ, सारं जवळ! शाळेत भिंतीएवढा टीव्ही, पोरांच्या हाती टॅब. अन् मी? मी तिथं उभी, पंख्यासारखी. चालू असला तरी कोणी वर पाहत नाई.

एक दिवस मी म्हटलं, "चला, तेराचा पाढा पाठ करा." तर एक पोरगी उठून म्हणते, "मॅडम, काऊन पाठ करायचा? मोबाईलले विचारलं का सांगते ना तो."

"अन् मोबाईल हरवला तर?"

"दुसऱ्या मोबाईलवरून त्याले रिंग देऊ!"

मी तशीच घरी आली अन् स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला. दिला नाई, पण लिहिला अन् कपाटात साडीच्या घडीत ठेवला. रात्री जेवताना मिस्टर म्हणाले, "भाजीत मीठ नाई." मी म्हटलं, "आता कशातच नाई."

आमच्या शाळेत ठवरे सर आहेत, तरणे, तंत्रस्नेही. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही पाढ्याचा व्हिडिओ बनवा. तुमचे जंगलातले पोरं पाहतील." जंगलातले पोरं म्हटल्याबरोबर मी साडी बदलून तयार!

व्हिडिओ झाला वर्गातच. बाहेर कोळशाचे ट्रक धडधडत होते, म्हणून मी गळा काढून बोलली. मागे पोरं खुसूरखुसूर करत होते, म्हणून पाढ्याच्या मधातच खेकसली, "ए! कोण आहे तिकडे? दिसून राह्यलं मले! हो बाहेर!" ते कापायचं होतं, पण त्या दिवशी ठवरे सरांच्या गाडीचा टायर पंक्चर झाला, अन् व्हिडिओ तसाच नेटवर चढला. त्याची लिंक मी एकाच माणसाले पाठवली, जानकीच्या बापाले, दसरूभाऊले. गावात आता टॉवर आला होता ना.

पहिल्या दिवशी तो व्हिडिओ कितीदा पाह्यला गेला? तीनदा. त्यात दोनदा मीच.

अन् आठ दिवसांनी ठवरे सर पळत आले. "मॅडम! एका दिवसात नव्वद! अन् वेळ पाहा, पहाटे चार!"

पहाटे चार! माझे पोरं पहाटे चारले उठून तेराचा पाढा घोकून राह्यले! मी घरी जाऊन मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "आपला पोरगा दहावीच्या पेपरले साडेसातले उठला होता." मी म्हटलं, "तो तुमच्यावर गेला."

त्यांनी तोंडावर पेपर धरला. शहाणा माणूस, पण मले त्या दिवसांत शहाणी माणसं आवडत नव्हती.

मग दसरूभाऊचा आवाजी मेसेज आला. शब्दन् शब्द पाठ आहे मले: "मॅडम, लय कामाचा हाय तुमचा व्हिडिओ. पण चारच मिनिटाचा हाय जी. तासाभराचा बनवा. अन् मधात तुमी खेकसता ना, ते जास्त टाका. त्याचीच गरज हाय इथी."

मी रडली हो! पोरांना माझी बोलणी आठवून राह्यली! नवीन बाई गोड असेल, खेकसत नसेल. आईच्या हातचा धपाटा परगावीच आठवते, नाई का?

बनवला तासाभराचा. अकरापासून तीसपर्यंत, दर पाढ्याले दोनदा खेकसून. घसा बसला, आठ दिवस हळदीचं दूध पिलं. सवयीनं मधात प्रश्नही विचारले, "तेरा चोक?" म्हणून थांबायची. समोर कोणी नाई, तरी थांबायची. मग आपलंच उत्तर देऊन पुढे जायची.

अन् त्या संध्याकाळी साडीच्या घडीतला अर्ज काढून फाडला. चार तुकडे केले. मिस्टर म्हणाले, "अवो, एकदा तिथं जाऊन तर पाह्य आधी."

मी कायची ऐकते? शिक्षण परिषदेत उभी राह्यली अन् अर्धा तास भाषण ठोकलं. "यंत्र शिकवत नाई, माया शिकवते! माझे पोरं पहाटे चारले उठतात!" टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, "बाई, पुढच्या परिषदेत त्या वर्गाचं चित्रीकरण दाखवा." मी म्हटलं, "दाखवते की!"

दिवाळीच्या सुट्टीत ठवरे सरांच्या गाडीत निघालो. त्यांचा कॅमेरा, तिपाई. माझ्या मांडीवर चिवड्याचा डबा अन् सत्तावीस पेनं. मूल गाव गेलं, गडचिरोली गेली, धानोरा गेलं, अन् सागाची झाडं दोन्हीकडून जवळ आली तशी मी पेनं पुन्हा पुन्हा मोजायले लागली. कशी दिसत असेल जानकी? बोलेल का?

दसरूभाऊ अंगणातच भेटले. "मॅडम! रोज आवाज ऐकतो, आज तोंड दिसलं!"

"पोरं कुठी आहेत, दसरूभाऊ?"

"नदीवर. मासोळ्या धरून राह्यले."

"अन् अभ्यास?"

"कायचा अभ्यास जी? दिवाळी हाय."

"मग पहाटे चारले माझा वर्ग कोण पाहते?"

दसरूभाऊनं माझ्याकडे पाह्यलं, कॅमेऱ्याकडे पाह्यलं. मग डोकं खाजवत म्हणाले, "चला, बांधीत जाऊ. तिथी दाखवतो."

बांधी म्हणजे धानाचं वावर, कापणीले आलेलं. दिवस बुडायले थोडा वेळ होता. बांधीच्या कोपऱ्यात राखणीची मचाण, अन् मचाणीच्या खांबाले बांधलेला लग्नाच्या वरातीतला मोठा स्पीकर. दसरूभाऊनं मोबाईलचं बटण दाबलं.

"अकरा एके अकरा!" अरे बाप्पा! साऱ्या शिवारात मीच! "अकरा दुणे बावीस! ए! कोण आहे तिकडे? दिसून राह्यलं मले! हो बाहेर!"

अन् खरंच झाले हो बाहेर! नाल्याकडच्या झुडपातून रानडुकरांचा अख्खा कळप निघाला, मोठे, लहान, पिल्लं, अन् शेपट्या वर करून जे पळाले, ते थेट जंगलात.

"पाह्यलं?" दसरूभाऊ आनंदानं म्हणाले. "डबे वाजवले, फटाके फोडले, बुजगावणं उभं केलं. त्या बुजगावण्याले डुकरं पाठ घासून गेले. तुमी लागल्या त्या दिवसापासून एक लोंब नाई गेली! पहाटे चारले लय येते ना ते, तवा तुमालेच लावतो. आता सातही मचाणींवर तुमीच हाव."

ठवरे सरांनी हळूच विचारलं, "मॅडम, अहवालात लाभार्थी किती लिहू?"

"डुकरं मोजा अन् लिहा!"

मी बांधीच्या कडेले, धुऱ्यावर बसली. चिवड्याचा डबा मांडीवर तसाच. काय काय डोळ्यांपुढे आलं! ती परिषद, त्या टाळ्या, अर्जाचे चार तुकडे. नव्वद वेळा मले पाह्यलं म्हणून नाचली, अन् मी कोण निघाली? बुजगावणं! त्याच्या तरी अंगावर डुकरं पाठ घासून गेले, माझ्याजवळ तेही थांबले नाई.

तेवढ्यात कोणीतरी बाजूले येऊन बसलं. जानकी! ओढणी, दोन वेण्या, आता आश्रमशाळेत सातवीत. रुसवा अजून नाकावर होता.

"जानकी," मी म्हटलं, "तू तरी पाह्यला का गं व्हिडिओ?"

"एकदा."

"एकदाच?"

ती धानाची काडी मोडत राह्यली. मग म्हणाली, "तुम्ही त्यात विचारता, तेरा चोक. मी म्हटलं, बावन्न. तुम्ही माझ्याकडे पाह्यलंच नाई, पुढे चालल्या गेल्या. शाब्बास पण नाई म्हटलं."

तिचं खरं होतं. एवढा तासाभराचा व्हिडिओ, त्यात एक शाब्बास नव्हती. मले किती आठवण आली होती तिची, अन् तिले पाठवलं काय, तर नुसतं खेकसणं. मी तिचा हात धरला अन् म्हटलं, "चुकली माय मी." तिनं हात सोडवला नाई.

स्पीकर चालूच होता. सातही मचाणींवर राखणीले माणसं चढली होती, अन् सगळीकडून मीच ओरडत होती. मग तो प्रश्न आला.

"तेरा चोक?"

व्हिडिओतली मी थांबली. अन् मचाणींवरून, इकडून तिकडून, गड्यांचे, बायांचे आवाज आले, "बावन्न!"

मी उठून उभी राह्यली. "तेरा पाचे?"

"पासष्ट!"

"तेरा साते?"

"एक्क्याण्णव!" हे आमचे दसरूभाऊ, डोक्यावरच्या मचाणीतून, सगळ्यांच्या आधी! मग मले पाहून लाजले. "ऐकून ऐकून झालं जी पाठ. शाळेत एक दिवस गेलो नाई मी. बाप म्हणे, गुरं कोण राखन?"

अन् मग माझ्यातून निघालं, हो, बदलीपासून दोन वर्षं अडकून बसलेलं, "शाब्बास!" जंगलापर्यंत गेलं असेल ते.

दसरूभाऊ मचाणीवर उभे. पन्नाशीचा माणूस, मिशा पांढऱ्या. हळूच म्हणाले, "आणखी एक डाव म्हणा ना, मॅडम."

मी सातही मचाणींवर गेली. पेनं होती ना सत्तावीस, पोरांना दिली अन् उरलेली तिथं वाटली. जानकी कंदील धरून पुढे चालत होती अन् कोणी चुकलं का माझ्याआधी खेकसत होती. अगदी माझ्यासारखीच, कार्टी!

घरी आली. मिस्टरांनी गपगुमान एक कोरा कागद पुढे केला, नवीन अर्जासाठी. मी त्यावर सात मचाणींचे नावं लिहिले, अन् पुढे कोणाचा कोणता पाढा कच्चा ते.

परिषदेत खरं ते सांगितलं. साहेबांसकट सारे पोट धरून हसले, टाळ्या पहिल्यापेक्षा जास्त पडल्या. अन् गावाहून आल्या आल्याच मी नवीन व्हिडिओ केला होता. गोड, मायेचा. एकदाही खेकसली नाई, दर उत्तराले "शाब्बास", अन् मधात सगळ्यांचे नावं घेतले, जानकीचं दोनदा. दिला पाठवून.

तिसऱ्या दिवशी दसरूभाऊचा मेसेज. "मॅडम, लय गोड हाय जी नवा व्हिडिओ. जानकीनं चारदा पाह्यला. आमी जेवताना ऐकतो. पण मचाणीवर जुनावालाच राहू द्या. काल नवा लावला, तर डुकरं पळालेच नाई. मधात बसून पुरा ऐकला त्यांनी, अन् बांधीचा एक कोपरा साफ करून गेले."

मिस्टर शेजारीच बसून ऐकत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला अन् म्हणाले, "पाह्य, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्या वर्गात कोणी शेवटपर्यंत बसलं."