भरमूच्या हाताचा गुण

माणसाची जीभ माणसाला कशी बांधून घालते, ते भरमूला विचारावं.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा निपाणीजवळ एका ठेकेदारानं शेड उभी केली. साखर कारखान्यातली मळी आणायची, पाणी घालून लाकडी पिंपांत आंबवायची, भट्टीवर स्पिरिट काढायचं आणि लष्कराच्या मोटारींच्या पेट्रोलात मिसळायला धाडायचं. पहिली पिंपं काही केल्या फसफसेनात. तिथं कामाला असलेल्या भरमूनं शिंदीचा गाळ गुळाच्या पाण्यात जागवला, विरजण म्हणून ओतला, आणि सकाळी फेस काठावर! लोकांनी विचारलं, तर गडी छाती फुगवून म्हणतो, "हाताचा गुण हाय. दुसऱ्याला जमायचं न्हाय." झालं! मान वाढला, आणि विरजणाच्या मडक्याला दुसरं कुणी शिवेना.

मग गावाकडनं, खानापुराहून, निरोप आला. आई, सोनाबाई, अंथरुणाला खिळलेली. थोरल्याला एकदा बघू द्या म्हणत होती. भरमू मॅनेजर सुबरावांकडं धावला.

"आप्पा, मला सोडा."

"आन पिंपं कोण लावणार? तुझा बा?"

"कुणीबी लावंल. हाताचं मी लबाड बोललतो. सगळा गुण त्या गाळाचा."

सुबराव हसले. "आईपायी आता लबाड बोलतोस व्हय रं? बरं, रवळूला लावू दे. फेस आला तर जा."

रवळू त्याचा जोडीदार, लई देवभोळा. भरमूनं त्याला सगळं दाखवलं. पण भरमूची पाठ वळताच, मित्राचं काम फत्ते व्हावं म्हणून, बिचाऱ्यानं यल्लम्माच्या भंडाऱ्याची अख्खी पिशवी मडक्यात रिकामी केली. सकाळी पिंप गप्प. मडक्याच्या तळाशी हळदीचा थर बघून भरमू ओरडला, "हळदीनं विरजण मारलं रं!"

"देवीचा भंडारा मारतो व्हय?" सुबराव उसळले. सगळ्यांनी कानाला हात लावले. "हे मिलिटरीचं काम हाय. पळालास न्हायतर पिंप नासवलंस, तर फौजदाराच्या ताब्यात दीन."

काय करतो? भरमूनं ताजा गाळ जागवून स्वतः पिंप लावलं. जन्मात पहिल्यांदा त्यानं मनातल्या मनात विनवलं, नगं येऊ बाबा, नगं येऊ. पण उजाडता उजाडता फेस उतू गेला. लोक त्याच्या पाया पडायला लागले.

तेवढ्यात दारात धाकटा भाऊ गुंडू उभा. डोकं भादरलेलं.

"अण्णा, आई गेली. तुझं नाव घेत गेली. अग्नी मीच दिला."

रवळू डोळे पुसत भरमूजवळ आला. हातात विरजणाचं मडकं होतं.

"भरमू, दुसरं पिंप तुझ्या हातासाठी थांबलंय."

भरमूनं मडकं घेतलं.