बहिऱ्या पिलाचा सिनेमा

"टाइप वन डायबिटीस आहे," नंदुरबारच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे शरीरात इन्सुलिनच तयार होत नाही. ते रोज टोचून द्यायचं, आयुष्यभर. माझी तेजल तेव्हा आठ वर्षांची. शेजारी बसून घटाघटा पाणी पीत होती. सारखी तहान, सारखी लघवी, वाळत चाललेलं अंग, हे सगळं मी उन्हाळ्यावर ढकललं होतं. ज्यांच्या घरी असं लेकरू आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सारंगखेड्याला परतलो तर सासूबाईंनी दारातच बजावलं, "बाहेर कोनले सांगू नको. पोरनी जात शे, उद्या तिनं लगीन कराणं शे." खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं. शाळेत, शेजारी, भाऊबंदांत कुठेच बोललो नाही. दार लावून सुई टोचायची, एवढंच.

सुई दिसली की तेजल किंचाळायची. मग मी मोबाइलवर कार्टूनचे सिनेमे लावायला लागले. मला उपदेशाची भारी हौस. "बघ, ते ससुलं एकटं जंगलात गेलं, रडलं का?" प्रत्येक सिनेमातून मी तिच्यासाठी धीराचा एक धडा काढायची. ती बिचारी मुकाट्याने मांडी पुढे करायची.

श्रावणात घरी कानबाई देवी बसल्या. आमच्याकडे देवीचे रोट, म्हणजे तिचा नैवेद्य, सगळे भाऊबंद एकत्र बसून खातात. त्या रविवारी घरात दार लावायला एक खोली रिकामी नव्हती. आजचा दिवस राहू दे, असं मी मनाशी म्हटलं. दुपारची सुई चुकली, संध्याकाळचीही चुकली. मोठ्या जाऊबाईंनी तिला प्रेमाने वाटीभर खीर वाढली. त्यांना काय माहीत?

सोमवारी सकाळी विसर्जनाची गडबड चालू असताना तेजलला उलट्या सुरू झाल्या. श्वास जोरजोरात चालला होता. जाऊबाई म्हणाल्या, "खानं बाधनं व्हई. लिंबूपानी दे." मला खरं कारण कळलं होतं. तरी एवढ्या माणसांसमोर मी काही क्षण गप्प राहिले. त्या क्षणांची लाज मला आजही वाटते. खाणं बाधलं असंच सगळ्यांना वाटू देऊन आम्ही तिला नंदुरबारला नेलं.

डायबेटिक किटोॲसिडोसिस, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं आणि रक्तात आम्ल साठतं. "खीर हे कारण नाही," त्या कडक आवाजात म्हणाल्या, "सुई चुकली हे कारण आहे. आणखी उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते." दोन दिवस तेजल आयसीयूत होती. मी बाहेरच्या बाकावर बसून होते आणि देवीचं नाव घ्यायचीही मला हिंमत होत नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिला वॉर्डात आणलं. तिने सिनेमा मागितला. त्यात करकोच्याचं एक पिलू होतं, त्याला ऐकू येत नव्हतं. आईने ते बहिरेपण थव्यापासून लपवलेलं. वादळ आलं, इशारा झाला, सगळे उडाले आणि पिलू तिथेच झोपून राहिलं. मी सवयीने सुरुवात केली, "बघ, आता ते कसं धीरानं..."

तेजलने मला थांबवलं. "मम्मी, त्यानी मायनी सगळास्ले सांगं असतं तं कोन्ही तरी त्याले उठाडं असतं ना?"

पिलू पुढे वाचलं, पण मला तो सिनेमा नीट दिसलाच नाही.

संध्याकाळी जाऊबाई डबा घेऊन आल्या. मी आजूबाजूला कोण आहे हेही न पाहता सगळं सांगून टाकलं. त्यांचा चेहरा उतरला. "मी मन्हा हातनी खीर वाढी तिले. एक शबद तं सांगाना व्हता, बाई!" त्या रडल्या, रागावल्या, आणि डोळे पुसून म्हणाल्या, "आते माले शिकाड, सुई कशी देतस." नर्सने त्यांना तिथेच शिकवलं.

सासूबाई अजून धुसफुसतात. पण शाळेत सांगितलं, गल्लीत सांगितलं. सिनेमातून तेजलसाठी धडे काढणं मी आता सोडलं आहे. तिला कळायचं ते कळतं, माझंच राहून गेलं होतं.

मागच्या आठवड्यात शाळेतून फोन आला. खेळताना तेजलला हायपो झाला, म्हणजे साखर एकदम उतरली. मी धावत गेले. ती सावलीत बसली होती, ओठांना साखर चिकटलेली, आणि आपला डाव हुकला म्हणून कुरकुरत होती. वर्गाच्या बाई पोहोचायच्या आधीच एका मैत्रिणीने तिला साखर भरवली होती.

"तुले कसं समजनं?" मी त्या पोरीला विचारलं.

"तेजलनी सांगेल शे ना आम्हले, काकू," ती म्हणाली.

मी त्या पोरीचे चिकट हात हातात घेतले आणि तिथेच रडले.