मख्ख माणसाची यादी

आमच्या टीममध्ये एक माणूस होता, त्याला मी मनातल्या मनात मख्ख म्हणायचे. मनातल्या मनात तरी कशाला, चांगलं तोंडाने म्हणायचे. फक्त मराठीत. तमिळ मुलखातल्या पेरुंगुडीत, आमच्या ऑफिसात मराठी कोणाला कळतंय, असा माझा सात वर्षांचा समज होता आणि त्याच्या जोरावर मी बिनधास्त तोंड सोडत होते. दुपारचं जेवण झालं की खिडकीपाशी उभं राहून सांगलीच्या बहिणीला फोन लावायचा आणि सकाळपासून साठलेलं सगळं ओकून मोकळं व्हायचं, हा माझा रोजचा कार्यक्रम. त्या खिडकीशेजारची खुर्ची तीन वर्षांपासून, म्हणजे तो आमच्यात आला तेव्हापासून, त्याची होती.

आमचं काम सॉफ्टवेअर तपासायचं. माझ्यासकट आठ जणांची टीम, मी लीड. बाकीचे एक गोष्ट एकदा तपासून पुढे जायचे, हा तीनदा तपासायचा. आज चाललं म्हणून उद्या चालेलच कशावरून, म्हणून दुसऱ्या दिवशी परत. बारीकसारीक गोष्टीची एक्सेल शीट करायची आणि ती सगळ्यांना पाठवायची. तिकडे क्लायंट माझ्या नावाने शंख करतोय आणि हा शांतपणे रकाने भरतोय, हे बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "आमचं ते मख्ख ध्यान आज तीन तास एका बटणावर बसलं होतं," मी बहिणीला सांगायचे. "चेहऱ्यावरची माशी हलेल तर शपथ." तो माझ्याशी इंग्रजीत बोलायचा, इतरांशी तमिळमध्ये, आणि दोन्हीत कमीच.

मग कोरोना आला आणि आम्ही सगळे घरी बसलो. रोज सकाळी दहाला लॅपटॉपवर मीटिंग व्हायची. प्रत्येकाने आज काय करणार ते सांगायचं, उशिरा येणाऱ्याने माझी बोलणी खायची. पहिलं वर्ष तसं निभावलं. दुसरी लाट आली तेव्हा मात्र कोणाच्या ना कोणाच्या घरात माणूस झोपलेलं असायचं. आमच्यातल्या एका मुलीचे वडील गेले, तर आठव्या दिवशी ती मीटिंगला हजर. मी म्हटलं, अगं कशाला आलीस? तर म्हणाली, घरात शांतता सहन होत नाही.

माझा नवरा गिंडीत मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. मशीन घरी आणता येत नाही, त्यामुळे त्याला जावंच लागायचं. एक दिवस तो ताप घेऊन आला आणि दोन दिवसांनी मलाही आला. माझा उतरला, त्याचा उतरेना. सहाव्या दिवशी ऑक्सिमीटरने एक्क्याण्णव दाखवलं. सातव्या दिवशी सकाळी अठ्ठ्याऐंशी. बोट बदललं, बॅटरी बदलली, तरी अठ्ठ्याऐंशीच. तो दोन शब्द बोलायचा, थांबायचा, मग पुढचे दोन.

फोन लावायला बसले. अर्धे लागेनात. लागले तिथली बाई भराभर तमिळमध्ये काहीतरी सांगून ठेवून द्यायची. माझं तमिळ भाजीवाली आणि रिक्षावाला यांच्यापुरतं. घासाघीस उत्तम येते, पण "माझ्या माणसाला श्वास घेता येत नाहीये" हे वाक्य मला कधी लागलंच नव्हतं. सात वर्षं या गावचं पाणी पिऊन साधी भाषा शिकले नाही, याचा त्या दिवशी इतका राग आला स्वतःचा की सांगता सोय नाही. सांगलीला सगळे आपापल्या घरात अडकलेले. इथे आमचं कोणी नाही.

दहा वाजले. सवयीने लॅपटॉप उघडला आणि मीटिंगमध्ये शिरले. एकेकजण बोलत गेला. माझी पाळी आली. "माय हजबंड्स ऑक्सिजन इज एटी-एट," एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. सात वर्षांत त्या लोकांनी मला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

पहिला बोलला तो मख्ख. "मॅडम, कॉल बंद करू नका," तो इंग्रजीत म्हणाला. पाच मिनिटांत पडद्यावर एक शीट उघडली. शहरातली हॉस्पिटलं सात जणांत वाटलेली. पुढे रकाने: किती वाजता फोन केला, कोणाशी बोललो, काय म्हणाले, ऑक्सिजन आहे का, परत कधी विचारायचं. ज्या मुलीचे वडील गेले होते तिलाही त्याने वाटा दिला. मी म्हटलं, तिला कशाला? ती म्हणाली, "मॅम, मला सगळे नंबर पाठ आहेत." माझी क्लायंटची सगळी कामं बाजूला पडली आणि आठ घरांतून फोन सुरू झाले.

शीटवर लाल रेघा वाढत चालल्या. नाही, नाही, उचलत नाहीत, नाही. सव्वाअकराला एकजण ओरडला, "बेड आहे, लगेच या म्हणतायत." मी बॅग भरली, ॲम्ब्युलन्सला फोन केला, नवऱ्याला उठवून बसवलं. तेवढ्यात मख्ख म्हणाला, "प्लीज वेट. लेट मी चेक वन्स मोअर."

परत तपासतो म्हणे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझा माणूस धापा टाकतोय आणि याचं तपासणं संपत नाही. माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात सांगायचं तर, मेल्या मख्खा, तुझ्या त्या शीटच्या नादात माझ्या नवऱ्याचा जीव जाईल, तुझं डोकं आहे का खोबरं. सगळं अस्सल सांगलीच्या मराठीत. माइक चालू होता हे मला माहीत होतं, पण मराठीच तर होती.

मग तोच सपाट आवाज, जरा तमिळ हेल काढून, पण मराठीत:

"अक्का, शिव्या मागून द्या. अत्तां त्यांस पालथें निजवा. छातीखाली उशी घाला."

मी बॅग खाली ठेवली. त्याच्या घरी मराठी होती, हे मागून नीट कळलं. तंजावरकडचे लोक, कित्येक पिढ्या इकडेच, पण घरात आईशी बोलायचं ते मराठीत. म्हणजे तीन वर्षं त्या खिडकीशेजारी बसून त्याने माझा शब्द न् शब्द ऐकला होता. मख्ख, ध्यान, माशी, सगळं. लाज वाटायलाही वेळ नव्हता. मी नवऱ्याला पालथं घातलं, उशी सरकवली, लॅपटॉप पलंगाजवळ ठेवला. वीस मिनिटांनी ऑक्सिमीटरवर एक्क्याण्णव दिसलं. कमीच, पण चढलेलं.

तोवर त्याने त्या हॉस्पिटलातल्या दोन वेगवेगळ्या माणसांना विचारून घेतलं होतं. खाट होती. व्हरांड्यात. ऑक्सिजन "संध्याकाळपर्यंत येईल." गेलो असतो तर त्या व्हरांड्यात संध्याकाळची वाट बघत बसलो असतो, आणि नवऱ्याची संध्याकाळ झाली असती की नाही, देव जाणे.

"डॉक्टरांची फेरी आटपली कीं कोणास तरी घरीं पाठवितात," तो म्हणाला. "बारा वाजल्यावर खाट मोकळी होते. त्या वेळीं आपला फोन लागलेला पाहिजे." आणि तसंच केलं त्यांनी. ज्यांनी आधी नाही म्हटलं होतं त्या सगळ्यांना बारानंतर दर दहा मिनिटांनी परत फोन. पावणेएकला वडील गेलेल्या त्या मुलीला गिंडीच्या अलीकडच्या एका मध्यम हॉस्पिटलात खाट मिळाली. तिने ऑक्सिजन विचारला, मख्खाने परत विचारला, तिसऱ्यांदा आणखी एकाने विचारलं. तिन्ही उत्तरं जुळली तेव्हा तो म्हणाला, "अक्का, निघा."

त्या तिसऱ्या वेळी मी चकार शब्द काढला नाही.

हॉस्पिटलच्या दारात पोचलो तर समोरच्या फुटपाथवर हा उभा. घरून, वेस्ट मांबलमहून स्कूटर घेऊन आलेला, दोन मास्क लावून, लांब. घरी म्हातारी आई, त्यामुळे जवळ येता येत नव्हतं. पण तिथूनच त्याने काउंटरवरच्या माणसाशी फोनवर बोलून कागद पुढे सरकवले. नवऱ्याला स्ट्रेचरवरून आत नेलं. मी पॉझिटिव्ह, म्हणून मला दारातूनच परत. रस्त्याच्या या बाजूला मी, त्या बाजूला तो. मी मोठ्याने विचारलं, "तीन वर्षं बोलला का नाहीस रे?"

"तुम्हीं कधीं पुसलें नाही," तो म्हणाला. "आणि तुम्हीं बहिणीशीं बोलत होतां. मधें कसें बोलावें?"

दुसऱ्या दिवसापासून घरी डबा येऊ लागला. मिऱ्यांचं रसम, भात, कधी उडदाच्या पिठाचं डांगर. त्याची आई फोन करायची. ती बोलायची ते मराठी मला निम्मं कळायचं, निम्म्यात तमिळ, पण "जेवलीस कां" हे पूर्ण कळायचं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझे लेंकरास मख्ख म्हणतीस ती तूंच ना?" मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तर ती हसत सुटली. म्हणाली, रोज घरी येऊन सांगायचा, आज अक्कांनी काय काय म्हटलं ते, आम्ही जेवताना हसायचो. माझ्या शिव्या त्या घरात ताटाशी तोंडी लावायला घेत होते.

बाकी ते दिवस वाईटच होते. पहिले चार दिवस डॉक्टर नुसतं "बघू या" म्हणायचे. नवऱ्याचा फोन आला तर दोन शब्द, मग मास्कमधला तो घरघर आवाज, मग दोन शब्द. "बरा... आहे." "तू... जेव." मी फोन ठेवून भिंतीकडे बघत बसायचे. पाचव्या दिवशी ऑक्सिजन थोडा कमी केला. सातव्या दिवशी आणखी कमी. मी रोज मीटिंगमध्ये आकडा सांगायचे, आणि कोणी न सांगता तो शीटवर चढायचा.

दहाव्या दिवशी मीटिंग चालू असताना नवऱ्याचा फोन आला. मी घाईघाईने उचलला.

"बॅगेत तो फाटका बनियन का भरलास?" नवरा म्हणाला. "कपाटात सहा नवे पडलेत, त्यातला एक सापडला नाही तुला? आज डॉक्टरांनी छाती तपासायला शर्ट काढायला लावला, तर बगलेत हे एवढं भोक. ती नर्स हसली, बाजूच्या खाटेवरचे आजोबा हसले. आणि टॉवेल कुठला दिलायस, तो फरशी पुसायचा दिलायस. दाढीचं सामान नाही, चष्म्याचं घर नाही, पण चार्जर मात्र तीन भरलेस, त्यातला एक तुझ्या जुन्या फोनचा. काय विचार करून भरलीस ती बॅग? मी काय इथे सहलीला आलोय का..."

मी फोन स्पीकरवर टाकला आणि लॅपटॉपसमोर धरला. सातही जण ऐकत होते. मख्ख त्यांना हळू आवाजात तमिळमध्ये सांगत होता, बनियन, टॉवेल, चार्जर, आणि ती वडील गेलेली मुलगी तोंडावर हात धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं तिच्या. नवरा अजून टॉवेलवरच होता. इतकं बोलला, पण मध्ये एकदाही थांबला नाही. एकदाही नाही. अकरा वर्षांच्या संसारात त्याच्या बोलण्यावर मी उलट उत्तर दिलं नाही अशी ती पहिली वेळ.

"अगं, ऐकतेयस ना?" तो म्हणाला.

"ऐकतेय," मी म्हटलं. "सगळेच ऐकतायत. तू बोल."