मॅडमचा दुसरा आजार

आम्ही निदान सांगितलं की मॅडम दोन बोटं वर करायच्या आणि त्यातलं एक मिटायच्या. "हा एक झाला. दुसरा?" पेशंट एकच आजार घेऊन येतो, हे त्यांना मान्यच नव्हतं. "पन्नाशीच्या माणसाला एकच आजार? एवढी शिस्त कुठून आणायची त्याने?"

मेडिसिनच्या पोस्टिंगला आम्ही नऊ इंटर्न होतो. मॅडमचं शिकवणं अर्धं मोबाइलमध्ये आणि अर्धं वॉर्डात. घरी त्यांचा व्हिडिओ बघायचा, सकाळी पेशंटपाशी तेच ताडून बघायचं. आता तुमच्यापासून काय लपवायचं, इंटर्न व्हिडिओ बघतो तो दुप्पट वेगाने, दात घासता घासता. मॅडमना हे पक्कं ठाऊक होतं. मधुमेह आणि टीबी एकत्र असले तर काय करायचं, हे शांतपणे सांगता सांगता त्या मध्येच तितक्याच शांतपणे म्हणाल्या होत्या, "उद्या येताना एक पेरू आणा." नऊ जणांत दोन पेरू निघाले.

मग आम्ही शहाणे झालो. मालेगावचा अन्सारी अभ्यासू आणि भिडस्त. त्याने व्हिडिओ बघायचा, काय आणायचं ते ग्रुपवर टाकायचं. पुढच्या आठवड्यात आम्ही नऊ चिकू घेऊन रांगेत उभे. मॅडमनी कौतुकाने सगळ्यांच्या हातांकडे बघितलं. "चिकू फक्त अन्सारीला सांगितला होता. प्रत्येकाचा व्हिडिओ वेगळा होता." मला म्हणे दोडका सांगितला होता. चिकू वॉर्डातल्या मावशींनी खाल्ले आणि आम्ही जिन्यात बसून आपापले व्हिडिओ बघितले, साध्या वेगाने.

पोस्टिंगच्या शेवटी परीक्षा. त्या दिवशी मॅडम अ‍ॅप्रन काढून सहा नंबरच्या कॉटवर पडायच्या आणि स्वतःच पेशंट व्हायच्या. दोन आजार ठरवून, पाकिटात लिहून ते सिस्टरकडे द्यायच्या. दोन्ही ओळखले तर पोस्टिंग पूर्ण झाल्याच्या कार्डावर सही, नाहीतर आणखी पंधरा दिवस वॉर्डात. माझ्या ताईचं लग्न दहा दिवसांवर होतं, नांदगावला. पंधरा दिवस वाढले असते तर मी अक्षता टाकायलाही नसते.

माझ्या पाळीला मॅडम वणीकडच्या द्राक्षबागवाल्या बाई झाल्या. "लय थकवा येतो, बाई. बाकी काय नाय."

"शुगर आहे का?"

"व्हती थोडी. गोळ्या सोडल्या."

एक सापडला. दुसऱ्यासाठी मी नाडी धरली. दोन ठोके घाईने यायचे, मग एक गायब. मला तर गुदगुल्याच झाल्या.

"मॅडम, दुसरा आजार हृदयाचा. ठोके अनियमित आहेत."

"ते नाटकात नाहीये." वणीच्या बाई कुठल्या कुठे गेल्या होत्या.

"नाटकात नसेल, मनगटात आहे."

सिस्टरनी पाकीट उघडलं. मधुमेह आणि थायरॉइड. मी गळ्याला हातसुद्धा लावला नव्हता. पण सहीसाठी मी हट्टाला पेटले आणि बाकीच्या आठ जणांना बोलावलं. सगळ्यांनी ओळीने नाडी बघितली. शेवटी अन्सारी खाली बघत म्हणाला, "मॅडम, ईसीजी काढू या."

"मला काय धाड भरलीय?" म्हणत त्या उठल्या आणि तेवढ्यानेच त्यांना धाप लागली.

"दम कधीपासून लागतोय?" मी विचारलं.

"आत्ताच."

"दिवाळीपासून," सिस्टर म्हणाल्या. "जिन्यात थांबावं लागतं, म्हणून फोनवर बोलल्याचं सोंग करतात."

ईसीजीची पट्टी मॅडमनी स्वतःच वाचली, बराच वेळ. "बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "पण थायरॉइड राहिलं. पंधरा दिवस."

मी कॅन्टीनमध्ये बसून रडले आणि मनातल्या मनात त्यांना यथेच्छ शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या त्याच कॉटवर खऱ्या पेशंट होत्या आणि नाडी बघायला माझ्याखेरीज कुणाला हात लावू देत नव्हत्या. पूर्ण एक मिनिट मोजायचं. आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. पेशंट म्हणून बाई महाद्वाड. उशीखाली लोणच्याची पुडी सापडली, तर म्हणाल्या, शेजारच्या कॉटवरून घरंगळत आली. माझा राग कधी गेला ते कळलं नाही. दुपारी काम नसतानाही मी एक चक्कर मारून यायला लागले. जीव लागला होता, दुसरं काय.

नवव्या दिवशी नांदगावला ताईची हळद होती. मॅडमची मुलगी त्यांना दुसऱ्या दिवशी पुण्याला घेऊन जाणार होती आणि त्या परत शिकवायला येणार नाहीत, हे वॉर्डात सगळ्यांना कळलं होतं. मी नेहमीसारखी नाडी धरून बसले.

"काय म्हणतेय?"

"अजून चुकतेय."

"नांदगावची गाडी किती वाजता?"

"तीनला. पण माझे सहा दिवस राहिलेत, मॅडम."

"कार्ड आण इकडे."

कार्ड खिशातच होतं. मॅडमच्या डाव्या हाताला सलाईन लावलेलं, उजवं मनगट माझ्या बोटांत. सहीला त्यांना तोच हात हवा होता.

"सोड आता," त्या म्हणाल्या.

मिनिट कधीच होऊन गेलं होतं. मी मोजतच राहिले.