महिन्याला पन्नास हजार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला मी कोथिंबिरीची जुडी कितीला आणली तेसुद्धा सांगते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या गावचे, निमोण्याचे नाही आणि आप्पांना ओळखत नाही.

आमच्या आळीत एमबीए झालेली मी पहिली. पुण्यातलं खासगी कॉलेज, दोन वर्षं, फी आणि हॉस्टेल मिळून साडेसात लाख. वडिलांनी शिरूरचा प्लॉट विकून भरले. मग एका विमा कंपनीत नोकरी लागली. पत्रावर आकडा होता वर्षाला सहा लाख. त्या सहा लाखांत काय काय होतं म्हणून सांगू? टार्गेट पूर्ण केलं तर मिळणारा इन्सेंटिव्ह, वर्षभर टिकले तर मिळणारा बोनस, इतकंच काय, माझा स्वतःचा विमाही. खात्यात यायचे महिन्याला एकोणीस हजार. खोलीभाडं, मेस आणि बस गेली की सात उरायचे.

पण पत्राचा फोटो मी घरी पाठवून बसले होते. चुलत्यांनी दोन दिवसांत स्टँडवर फ्लेक्स लावला. कुणाचा बैलगाडा शर्यतीच्या घाटात पहिला आला की लागतो, तसाच. मधोमध माझा फोटो, भोवती पुढारी, खाली लाल अक्षरांत ‘वार्षिक पॅकेज ६ लाख’. ग्रामपंचायतीसमोर सत्कार झाला. मी मुकाट्यानं शाल घेतली. तेव्हाच बोलायला हवं होतं? हवं होतं. पण ते एक वेळ राहू द्या — तो आकडा मी लिहिला नव्हता.

पुढचा मात्र मी बोलले.

आप्पा आमचे शेजारी. दौंडला रेल्वेत पॉइंट्समन होते, रिटायर होऊन गावी आले. त्यांची सुवर्णा बी.कॉम. होऊन शिरूरच्या एका पतसंस्थेत लागली होती. पगार बारा हजार, पण राहणं-खाणं घरचं. आता तिला एमबीए करायचं होतं — माझं बघून. आप्पा साधे होते, भोळे नव्हते. फ्लेक्स वाचून रेल्वेचा फंड मोडणारा तो माणूस नव्हे. दिवाळीत मी घरी आले तेव्हा ते ओट्यावर येऊन बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सरळ विचारलं, “बाई, कागदावरचं ऱ्हाऊ दे. हातात किती येत्यात?”

अख्ख्या गावात नेमका प्रश्न विचारणारा एवढा एकच माणूस. आणि उत्तर जिभेवर होतं हो माझ्या! पण आत आईच्या भांड्यांचा आवाज थांबला. वडील दारात उभे होते. मी म्हणाले, “पन्नास.”

सहा लाख भागिले बारा. हिशेब कसा चोख!

आप्पांनी बोटांवर काहीतरी मोजलं. “मंग पंधरा म्हयन्यात फी निघंल की. तू भर म्हनलीस तर भरतो. दुसऱ्या कुनाचं ऐकनार न्हाई मी.”

इथं तरी थांबता आलं असतं ना? एकदा आत बोलवून, दार लावून, हळूच सांगता आलं असतं? मी म्हणाले, “भरा, आप्पा.”

आईवडिलांना वाईट वाटू नये म्हणून बोलले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. तेही खोटंच. पन्नास हजारवाली व्हायला मला आवडलं होतं. गावात गेले की लोक खुर्ची पुढे करायचे, आणि मी बसायचे.

सुवर्णानं पतसंस्था सोडली. दुसऱ्या वर्षाची फी भरायच्या आधी आप्पांनी मला फोन केला. मी उचलला नाही. ‘मीटिंगमध्ये आहे’ असा मेसेज टाकला. मीटिंग नव्हती. खोलीत कपडे वाळत घालत होते.

शिकून झाल्यावर तिलाही पुण्यातच नोकरी लागली. एका रविवारी दुपारी ती माझ्या खोलीवर आली. पाणीसुद्धा न पिता तिनं मोबाईलवर पगाराची स्लिप काढून माझ्यापुढे धरली. एकवीस हजार. मग रडायला लागली.

“ताई, शिक्षान दोघींचं एकच. तुला पैल्यापासून पन्नास पडत्यात. मग मलाच कसं जमलं न्हाई गं? माजं इंग्लिश कच्चं हाय, म्हनूनच आसंल.” नाक पुसून पुढं म्हणाली, “आप्पांना मी पन्नासच सांगितल्यात. तू बोलू नको हां.”

त्या महिन्यात माझ्या खात्यात सव्वीस हजार जमा झाले होते. माझाही मोबाईल तिथंच, उशीपाशी पडलेला. उचलून तिच्या हातात द्यायचा, एवढंच करायचं होतं. तिच्यात काही कमी नाही, हे तिला सांगू शकणारी जगात मी एकटी होते.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “होईल गं हळूहळू. इंग्लिशवर जरा मेहनत घे.”