नेपिअरच्या वाटेवर राजा भारमल

नेपिअरला समुद्र आहे, द्राक्षांचे मळे आहेत, जुन्या धाटणीच्या देखण्या इमारती आहेत. आम्ही मात्र गेलो ते मुलीच्या होणाऱ्या सासूसासऱ्यांना भेटायला. सई आमची एकुलती एक, हॉस्पिटलात नर्स. इम्रान तिथेच फिजिओथेरपिस्ट. त्याचं घराणं मूळचं फिजीचं, उसाच्या मळ्यांवर भारतातून नेलेल्या मजुरांच्या वंशातलं, आणि मुसलमान.

लग्नाची बातमी ऐकून मी चष्मा पुसत बसलो, तर सई म्हणाली, "बाबा, बट यू लव्ह अकबर!" पेशाने मी इंजिनिअर असलो तरी मुघल इतिहास हा माझा जुना नाद, आणि या पोरीने लहानपणापासून वरणभाताबरोबर अकबर गिळलेला. आता तिने तोच माझ्या ताटात वाढला होता. मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याच संध्याकाळी मोटेल बुक करून टाकलं.

शनिवारी ऑकलंडच्या उत्तर टोकाच्या आमच्या अल्बनीहून उजाडताच निघालो. जाणार असाल तर तुम्हीही तसंच करा, उशीर झाला की ऑकलंड ओलांडण्यातच अर्धा उत्साह संपतो. पुढे हॅमिल्टनपर्यंत रस्ता लोण्यासारखा आहे. तिराऊला बेकरीत गरम पाय खाल्ले, म्हणजे मैद्याच्या पारीत मशरूम नाहीतर खिमा. सात-आठ डॉलरला एक, पण दुपारपर्यंत भूक लागत नाही.

तिराऊ सुटलं आणि माझं अकबरपुराण सुरू झालं. तेराव्या वर्षी पंजाबातल्या एका बागेत गादीवर बसलेलं पोर. लिहितावाचता येत नव्हतं म्हणे, पण रोज पुस्तकं वाचून घ्यायचा. यात्रेकरूंवरचा कर काढला, जिझिया काढला.

"चितोडची कत्तलही सांग की," मेधा म्हणाली. ती हेन्डरसनला फार्मासिस्ट आहे, औषधाचे साइड इफेक्ट्स सांगितल्याशिवाय बाटली देत नाही.

"तीही त्याचीच," मी कबूल केलं. "पण रजपूत राण्यांना महालात पूजा करायची मोकळीक होती. त्यातल्या पहिलीशी लग्न झालं सांभरला. अकबर तेव्हा विशीचाही नव्हता. आमेरच्या राजा भारमलची मुलगी."

मागून सईने विचारलं, "व्हॉट वॉज हर नेम?"

"मरियम-उझ-जमानी."

"दॅट्स अ टायटल, बाबा. हर नेम. घरचं?"

लोकांच्या तोंडी एक नाव आहे, पण ते फार नंतरचं. दरबारच्या इतिहासात ती नुसती भारमलची मुलगी. बादशहाने कुठल्या डोंगरावर शिकार केली ते मला पाठ, आणि हे कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

ताउपोला टाकी भरून घ्या. पुढे नेपिअरपर्यंत घाट, जंगल, आणि फोनला रेंज नाही. त्या वळणांवर मी पहिल्यांदाच अकबराला सोडून भारमलचा विचार करत होतो. सांभरहून परतताना त्या माणसाने काय केलं असेल? मुलीला कुठल्या नावाने हाक मारली असेल शेवटची? इम्रानबद्दल माझी काही तक्रार नव्हती, पोरगा गुणी आहे. भीती एकाच गोष्टीची होती. निकाहासाठी सईचं नाव बदलायला सांगतील, आणि ती प्रेमापोटी हो म्हणेल. ते नाव मी ठेवलं होतं.

इम्रानच्या आईवडिलांचं घर नेपिअरच्या टेकडीवर आहे, तो आदल्या दिवशीच तिथे पोचला होता. दारात चपलांची रांग, आत सहा खुर्च्या आणि सहाही माणसं उभी. कुणी आधी बसेना. अकबराच्या इबादतखान्यात, म्हणजे धर्मचर्चेच्या दालनातसुद्धा पहिलं भांडण बसायच्या जागेवरून झालं होतं, हे सांगायची मला इतकी उबळ आली की मेधाने कोपर मारलं. शेवटी इम्रानच्या आईने, शमीमआंटींनी, हात धरून एकेकाला बसवलं. मेधा शाकाहारी, म्हणून त्यांनी नवी कढई आणली होती. भेंडी वाढताना कढईच्या तळाला राहून करपलेलं किमतीचं स्टिकर त्यांनी स्वतःच दाखवलं आणि खो-खो हसल्या.

जेवण झाल्यावर मला राहवेना. म्हटलं, "एक बात पूछनी थी. सई का नाम बदलना पडेगा क्या?"

सई ओरडली, "बाबा!" इम्रान ताटाकडे बघू लागला. त्याचे वडील खाकरून म्हणाले, "बडे लोग बोलेंगे तो सही. रिवाज है."

शमीमआंटी हातातल्या टॉवेलची घडी घालत राहिल्या. मग फिजीच्या हिंदीत म्हणाल्या, "हमार नानी के अम्मा कलकत्ता से जहाज में आइस रहा. शादी हुआ, नवा नाम मिला. पुराना नाम अब कोई नहीं जाने. हम दुआ में उनके लिए क्या बोलें? नानी की अम्मा, बस." नवऱ्याकडे वळून त्यांनी पुढे ऐकवलं, "बडे लोग से हम बात करेगा. सई, सई रहेगी."

त्यांनी चहा टाकला. मला डोळे पुसायला टिश्यू सापडेना, तेव्हा इम्रानने मुकाट्याने खोका पुढे सरकवला.

रविवारी सकाळी समुद्रावर गेलो. किनारा गोट्यांचा आहे, वाळूचा नव्हे. जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी स्लिपर, घालून चालू नका, पाय मुरगळतात. परतीच्या वाटेवर हुका धबधबा पाहिला, तिकीट नाही.

घरी आल्यावर कपाटातली अकबराची पुस्तकं काढून बसलो. भारमलच्या पानांवर पुन्हा नजर फिरवली. त्याच्या मुलीचं नाव काही सापडलं नाही, आणि आता सापडेल असंही वाटत नाही. पुस्तक मिटलं आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली.

"सई!"

उत्तर नाही. कानात हेडफोन असणार.

"सईऽ!"

"येस बाबा? व्हॉट?"

"काही नाही गं."